बालबोध : कावेरीकाठच्या शिक्षणविचाराचा एक मागोवा

देवनागरी लिपीला आपले पूर्वज ‘बालबोध’ म्हणत. कचेरीतील हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत चाले. ती हात न उचलता झरझर लिहावयाची, जाणत्यांची लिपी. मुलाच्या पाटीवर मात्र प्रथम सुटी, ठसठशीत, डोळ्यांना नीट ओळखू येणारी अक्षरे उमटत. बालकास बोध होईल ती बालबोध. लिपीच्या नावातच एक शिक्षणविचार साठविलेला आहे, तो असा की, शिकविणाऱ्याने आधी शिकणाऱ्याची पायरी पाहावी.

अध्यापक-विद्यालयांत आज जे बालविकासाचे शास्त्र शिकविले जाते ते बव्हंशी युरोपातून आले, हे कबूल करावयास हवे. पेस्टालॉझी, फ्रोबेल, स्पेन्सर, मॉन्टेसरी, पियाजे ही त्या शास्त्राची मोठी नावे होत. परंतु शाळेने मुलाच्या मापाचे व्हावे, की मुलाने शाळेच्या मापाचे व्हावे, हा त्या शास्त्राचा मूळ प्रश्न कावेरीच्या खोऱ्यातील मराठी माणसांपुढे दोनशे वर्षांपूर्वीही होता. त्यांनी तो आपापल्या परीने सोडविण्याचा यत्न केला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी या यत्नांचे स्मरण आम्ही करीत आहो, ते केवळ पूर्वजांच्या गौरवासाठी नव्हे. आपल्या घरातील मुलांना मराठी कशी शिकवावी, हा प्रश्न आपल्यापुढे अजून उभा आहे, आणि त्यास या इतिहासाचा उपयोग होण्यासारखा आहे.

छत्रातील मुले

एकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरास मराठ्यांचे राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत या ना त्या रूपाने टिकले. त्या वंशातील दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वतोमुखी आहे. त्यांचे स्वतःचे शिक्षण श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. पुढे १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच उरले.

अशा वेळी राजांनी कोणत्या गोष्टीसाठी रदबदली करावी? त्यांनी ती छत्रांसाठी केली. रामेश्वराच्या वाटेवर वाटसरूंसाठी बांधलेली ही अन्नछत्रे आपल्याकडे राहावीत म्हणून १८०१ मध्ये त्यांनी कंपनीच्या रेसिडेंटास एक पत्र पाठविले. त्या पत्रात छत्रांच्या कामाचे जे वर्णन आहे, त्यात परगावच्या अनाथ मुलांविषयीचा एक भाग आहे. अशी मुले छत्रातील पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, दर चार दिवसांनी अंगास तेल लावले जाई, आजारपणात औषध आणि अंगावर वस्त्र दिले जाई. त्यानंतर ज्या विद्येकडे मुलाची ओढ दिसेल ती विद्या त्यास शिकविली जाई, आणि तीत तो तयार झाला म्हणजे त्याच्या लग्नाचा खर्चही छत्रातून होई.

या वर्णनातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम अन्न, मग तेल, औषध आणि वस्त्र, आणि त्यानंतर विद्या. ती विद्या कोणती, हे मुलाच्या आवडीवर सोपविलेले. उपाशी आणि पोरक्या मुलाच्या हाती पाटी देऊन काही साधत नाही, हे ज्यांना उमगले होते त्यांच्याजवळ शास्त्राची परिभाषा नव्हती. दृष्टी मात्र होती.

याच राजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. ते इसापाच्या गोष्टींचे भाषांतर. मुंबई-पुण्याकडे मराठी छापील पुस्तक मुलांच्या हाती पडण्यास अजून अवकाश होता, तेव्हा येथे छापखान्याच्या पहिल्या फळांत कोल्ह्या-करकोच्याच्या गोष्टी होत्या. सरफोजीराजांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटकही असेच विलक्षण आहे. कुरवंजी हा या तमिळ मुलखातील लोकप्रिय नाट्यप्रकार. भविष्य सांगत हिंडणारी डोंगरी कुरत्ती हे त्यातले मुख्य पात्र. या नाटकात ती चक्क पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. खंडे, देश, समुद्र यांची रूक्ष नामावळी पाठ करून घेण्याऐवजी लोकांच्या ओळखीच्या सुरांतून ती कानी घालावी, ही कल्पना आजच्या शिक्षकासही नवी वाटावी.

अर्थात हे सारे सर्वांपर्यंत पोहोचले असे म्हणता येणार नाही. त्या काळच्या समाजातील जातिभेद आणि मुलींच्या शिक्षणाविषयीची उदासीनता येथेही होतीच. दिवा लागला होता. त्याचा उजेड मात्र थोड्याच अंगणांत पडत होता.

कुंभकोणमचे माधवराव

तंजावरपासून अदमासे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कुंभकोणम गावी १८२८ मध्ये तंजावरी मराठी घराण्यात टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. मद्रासच्या हायस्कुलात पॉवेल यांच्यासारख्या गुरूजवळ त्यांचे गणित आणि शास्त्र पक्के झाले. परंतु त्रावणकोर दरबारात त्यांचा प्रवेश झाला तो कारभारी म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १८४९ मध्ये राजपुत्रांना शिकविण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. पुढे महाराज झालेले विशाखम तिरुनाळ त्या वेळी बारा वर्षांचे होते.

योगायोग असा की, सव्वीस वर्षांनी माधवराव बडोद्याचे दिवाण झाले तेव्हाही त्यांच्यापुढे एक बारा वर्षांचाच मुलगा होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावातून दत्तक आणलेला हा मुलगा म्हणजे पुढचे सयाजीराव गायकवाड. त्याचे शिक्षण फारसे झालेले नव्हते. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच पेच होता. बारा वर्षांच्या मुलाची समज बारा वर्षांची असते. शेतीभाती, माणसे, न्याय-अन्याय हे त्याने पाहिलेले असते. अक्षरओळख मात्र पाच वर्षांच्या मुलाएवढी. त्याला लहानग्यांचा धडा दिला तर त्याचा मान दुखावतो, आणि मोठ्यांचा दिला तर त्याला वाचता येत नाही. इलियट या गुरूंच्या हाताखाली या मुलाचे शिक्षण झाले आणि दिवाण म्हणून माधवरावांचे त्यावर लक्ष राहिले. पूर्ण अधिकार मिळण्याच्या सुमारास, १८८१ मध्ये, माधवरावांनी स्वतः त्यास राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूप झाली.

उत्तरायुष्यात माधवराव मद्रासेस स्थायिक झाले आणि हर्बर्ट स्पेन्सरच्या ग्रंथांत रमले. स्पेन्सरचा शिक्षणविषयक ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. सोप्यातून अवघडाकडे जावे, हाताळता येणाऱ्या वस्तूंपासून आरंभ करून मग कल्पनेकडे वळावे, मुलास होता होईल तो स्वतः शोधू द्यावे, आणि शिकताना त्यास आनंद वाटतो की नाही यावरून पद्धतीची परीक्षा करावी, ही त्याची सूत्रे. मानवजात ज्या क्रमाने शहाणी झाली त्याच क्रमाने प्रत्येक मूल शहाणे होते, असेही तो म्हणे. हे मत पुढे शास्त्राने टाकून दिले. बाकीची सूत्रे टिकली.

१८८९ मध्ये, वयाच्या साठीनंतर, माधवरावांनी एतद्देशीय मुलांच्या संगोपन-शिक्षणाविषयी सूचना देणारी एक इंग्रजी पुस्तिका लिहिली. तिची मराठी, गुजराती आणि मल्याळी भाषांतरे झाली. तीन दरबारांचे तंटे मिटविलेल्या मुत्सद्द्याने अखेरीस लेखणी उचलली ती मुलांसाठी, आणि ती पुस्तिका देशी भाषांतून घराघरांत गेली, यातच तिचे मोल आहे. राजपुत्रास शिकविण्यापासून आरंभ केलेला हा गृहस्थ शेवटी साऱ्यांच्या मुलांपाशी येऊन पोहोचला. १८९१ मध्ये त्यांचा अंत झाला.

राजवाड्यातून अंगणात

माधवरावांच्या देखरेखीखाली वाढलेल्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. एका मुलासाठी जे केले गेले ते सर्व मुलांसाठी करण्याचा हा यत्न होता. पण मुले वर्गात आली म्हणून प्रश्न संपला नाही. एका मुलामागे एक गुरू ही चैन राजवाड्यास परवडते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची पायरी कशी ओळखावी?

त्याचे एक उत्तर आणखी एका मराठी बाईंनी दिले, आणि तेही प्रथम महाराष्ट्राबाहेर राहून. ताराबाई मोडक यांनी भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरीबाईंची पद्धत त्यांनी अभ्यासली. या मॉन्टेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासजवळ अड्यारला आल्या आणि महायुद्धाची वर्षे त्यांनी याच देशात काढली, हेही येथे सांगितले पाहिजे. परंतु त्या पद्धतीची घोटीव लाकडी साधने गरिबाच्या मुलास कोठून मिळणार? १९४५ पासून बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच साधने उभी केली. वारली वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला. तेथेही क्रम तोच होता : आधी आंघोळ आणि खाऊ, मग गाणे आणि गोष्ट, नंतर अक्षर. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांस हेच मराठी नाव मिळाले. आज कुंभकोणमच्या गल्लीतही तो शब्द ऐकू येतो.

दवरा-टंबलरचा धडा

आता शास्त्र नेमके काय सांगते ते पाहू. त्यासाठी कुंभकोणमची डिग्री कॉफी पुरेशी आहे. पाच वर्षांच्या मुलासमोर पसरट दवऱ्यातील दूध उंच टंबलरमध्ये ओता आणि विचारा, दूध वाढले की तेवढेच राहिले? बहुतेक मुले सांगतील, वाढले. त्यांना उंची दिसते. रुंदी आणि उंची यांचा मेळ घालणे अजून जमत नाही. सातव्या वर्षाच्या आसपास तेच मूल हसून म्हणेल, तेवढेच तर आहे! स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा साध्या प्रयोगांतून दाखविले की, लहान मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते आणि ती टप्प्याटप्प्याने पालटते. हे टप्पे सर्व मुलांत घड्याळाच्या काट्याप्रमाणे येत नाहीत, हेही नंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले.

पियाजेंच्याच वर्षी जन्मलेले रशियन विचारवंत व्हायगॉट्स्की यांनी दुसरी बाजू मांडली. मूल आज जे दुसऱ्याच्या मदतीने करू शकते ते उद्या एकट्याने करील; म्हणून शिक्षकाने या दोहोंमधल्या जागेवर काम करावे. ओवीचा पहिला चरण आजीने म्हणावा आणि दुसरा नातीने पुरा करावा, हे त्याचेच घरगुती उदाहरण होय.

वर्गापुरता याचा अर्थ सरळ आहे. टंबलरमध्ये दूध वाढले म्हणणाऱ्या मुलास ‘चूक’ म्हणून खाली बसविणे व्यर्थ होय. त्याच्या हाती भांडी द्यावीत आणि त्यासच पुन्हा पुन्हा ओतू द्यावे.

कुंभकोणमच्या वर्गखोल्या

कुंभकोणमच्या शाळा-कॉलेजांची कीर्ती जुनी आहे. १८५४ मध्ये निघालेले येथील सरकारी कॉलेज पोर्टर आणि टी. गोपाळराव यांच्यासारख्या अध्यापकांमुळे नावारूपास आले. परंतु या गावच्या वर्गखोल्यांनी सुख आणि दुःख दोन्ही पाहिले आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन येथील टाउन हायस्कुलात चमकले, १९०४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून या कॉलेजात गेले आणि गणितावाचून इतर विषयांकडे लक्ष न दिल्याने ती शिष्यवृत्ती गमावून बसले. मुलाच्या ओढीप्रमाणे विद्या, हा छत्रातील दंडक शंभर वर्षांनी परीक्षापद्धतीच्या चौकटीत बसला नाही.

एम. जी. रामचंद्रन यांचे बालपणही काही काळ याच गावी गेले. गरिबीमुळे लहानपणीच त्यांची शाळा सुटली. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी १९८२ मध्ये मुलांसाठी मध्यान्ह भोजनाची व्यापक योजना सुरू केली. कामराज यांनी १९५६ च्या सुमारास घातलेल्या पायावर ती उभी होती. आधी अन्न, मग अक्षर, हे सूत्र पुन्हा एकदा कावेरीकाठी उमटले.

आणि याच गावी १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागून ९४ बालके प्राणांस मुकली. या घटनेविषयी लिहिताना लेखणी अडखळते. परंतु कुंभकोणममधील बालशिक्षणाचा इतिहास लिहावयाचा तर ती गाळता येत नाही. मुलांच्या वाढीविषयीचे कोणतेही शास्त्र सुरक्षित छप्पर, रुंद जिना आणि मोजकी पटसंख्या यांनंतरच सुरू होते. सरफोजीराजांच्या पत्रातील तेल आणि औषध यांचा आजचा अर्थ हाच आहे.

याच सुमारास तमिळनाडूत एक चांगला प्रयोगही घडला. २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या काही शाळांत आणि २००७ पासून राज्यातील सरकारी प्राथमिक शाळांत कृतीवर आधारलेली शिक्षणपद्धती आली. मुले चटयांवर गोल करून बसत. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे मांडलेली कार्डे आपापल्या गतीने सोडवीत. आणि मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर भिंतीच्या तळाशी फळे रंगविलेले असत. पुढे या पद्धतीत बदल होत गेले. पण फळा खाली उतरला, ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

आपल्या घरचा वर्ग

आता आपल्या मुलांकडे वळू. आपल्यांत दोन प्रवाह आहेत. काही घराणी तंजावरच्या राज्याबरोबर आलेली; त्यांच्या मराठीत तमिळ शब्द सहज मिसळून गेलेले. काही कुटुंबे खानापूर-आटपाडीकडून सोन्याचांदीच्या गलाईसाठी किंवा नोकरीनिमित्त अलीकडच्या पिढ्यांत आलेली. दोन्ही घरांतील मूल एकच ओझे वाहते : घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, शाळेत इंग्रजी. मराठीमुळे मुलाच्या इतर भाषा कच्च्या राहतील, अशी धास्ती पुष्कळ पालकांस वाटते. ती निराधार आहे. कॅनडातील जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेला आणि पुढे बऱ्याच अभ्यासांनी उचलून धरलेला विचार असा की, एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडते. घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगू शकणारे मूल शाळेच्या भाषेतही गोष्ट सांगण्यास लवकर शिकते.

मग आपली मुले मंडळाच्या मराठी वर्गातून का गळतात? आमच्या मते कवळाणेच्या मुलाचा पेच येथे पुन्हा उभा राहतो. दहा वर्षांचे मूल शाळेत भिन्न-अपूर्णांक आणि ग्रहमाला शिकते. आणि रविवारी त्याच्यापुढे ‘कमळातला क’ येतो. त्याची समज मोठी झाली आहे, अक्षर मात्र लहान आहे. त्यास बडबडगीते देऊ नयेत. क्रिकेटचा सामना, पोळ्याचा बैल, आजोबांनी गाव कसे सोडले त्याची हकीकत, असे त्याच्या वयाचे विषय आधी बोलीतून द्यावेत आणि अक्षरे त्यांतून काढावीत. याउलट चार-पाच वर्षांच्या मुलास बाराखडीच्या रांगेत उभे करण्याची घाई नको. त्यास गोष्ट, फुगडी, चिंचोके आणि रांगोळीचे ठिपके पुरेत. या मुलखातील कोलमाचे ठिपके मोजताना त्यास मराठी आकडे आपोआप येतील.

म्हणून मंडळाने या वर्षी तीन साध्या गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. रविवारच्या वर्गाचे गट केवळ वयावरून न पाडता, मूल मराठीत काय सांगू शकते आणि काय वाचू शकते या दोहोंवरून पाडावेत. प्रत्येक गटात शिक्षकाबरोबर घरातील एक आजी किंवा आजोबा बसावेत. तंजावरी मराठी बोलणारे असले तर अधिक चांगले, कारण आपली भाषा येथे साडेतीनशे वर्षे कशी जगली हे मुलांना त्यांच्या तोंडून कळेल. आणि तिमाहीतून एकदा मुलांनी स्वतः निवडलेल्या विषयांवर स्वतः लिहिलेले, चुकांसकट, एक हस्तलिखित काढावे.

पंचवीस वर्षांनी मंडळाचा अमृतमहोत्सव येईल. त्या स्मरणिकेतील काही पाने आज चटईवर बसून चिंचोके मोजणाऱ्या मुलांनी लिहिलेली असावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही सर्व वाचकांस सुवर्णमहोत्सवाच्या शुभेच्छा देतो.